मुतखडा: पहिल्या कळेपासून स्टेंट निघेपर्यंत

सोनोग्राफीचा कागद हातात पडतो, त्यावर ‘राइट युरेटरिक कॅल्क्युलस, ८ मिमी’ (उजव्या मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत, खडा) असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत घरात पाच सल्ले जमा होतात. शेजारचे काका हुलग्याचं कढण सांगतात, मेहुणा बिअर सुचवतो, कोणी म्हणतं लेझर कर, कोणी म्हणतं किरणांनी फोडून घे. उपचारांची नावं आधी पाठ करू नका. खडा कुठे आहे, केवढा आहे, किती कठीण आहे आणि लघवीत जंतुसंसर्ग आहे का, या चार गोष्टी कळल्या की उपचार जवळपास आपोआप ठरतो. पुढची माहिती प्रौढ रुग्णांपुरती आहे; लहान मुलांचं गणित वेगळं असतं.

१. कळ आली त्या रात्री

खड्याची कळ पाठीत बरगडीखाली सुरू होते आणि पुढे जांघेकडे उतरते. रुग्णाला एका जागी पडवत नाही, तो येरझाऱ्या घालतो. अपेंडिक्सचा रुग्ण हलायला घाबरतो, खड्याचा रुग्ण स्थिर राहू शकत नाही. डॉक्टर पहिला अंदाज यावरूनच बांधतात. उलट्या आणि लालसर लघवी सोबत असू शकतात.

या कळेवर डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक चांगलं लागू पडतं. पण मूत्रपिंड आधीच कमजोर असेल, जठरात व्रण असेल किंवा रुग्ण गरोदर असेल तर ते मनाने घेऊ नका. ‘पाणी पी, खडा धुऊन निघेल’ हा सल्लाही कळ चालू असताना उलटाच पडतो. खड्याने नळी तुंबलेली असते. वरून जास्त लघवी आली की दाब वाढतो आणि कळही वाढते. त्या वेळी तहानेपुरतं पाणी पुरे.

पुढीलपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा:

- कळेसोबत थंडी वाजून ताप
- लघवी पूर्ण बंद होणे
- एकच मूत्रपिंड असणे, किंवा दोन्ही बाजूंना खडे असणे
- गरोदरपण
- औषध, इंजेक्शन घेऊनही न थांबणारी कळ किंवा उलट्या

यातली पहिली गोष्ट सर्वांत धोक्याची. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतू वाढले तर काही तासांत संसर्ग रक्तात उतरतो. अशा वेळी डॉक्टर खडा काढत नाहीत, आधी तुंबलेली लघवी बाहेर काढतात: आतून स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची मऊ नळी) टाकून किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून. ‘ऑपरेशन केलं पण खडा तसाच ठेवला’ म्हणून नातेवाईक चिडतात, पण तिथे तेच बरोबर असतं. खडा काही आठवड्यांनी, संसर्ग गेल्यावर काढायचा.

आणखी दोन इशारे. तरुण मुलाच्या अंडकोषात अचानक दुखू लागलं तर ‘खडा असेल’ म्हणून थांबू नका. अंडकोषाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांतच तो वाचवता येतो. आणि साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली तर पोटातली महाधमनी फुगलेली नाही ना, हे आधी बघावं लागतं.

२. तपासण्या

सोनोग्राफी सगळीकडे होते, किरणोत्सर्ग नसतो. मूत्रपिंड फुगलंय का, हे तिच्यात चांगलं कळतं. पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या वायूमागे लपतो आणि तिथला खडा सुटतो. लहान खड्याचं माप ती बरेचदा वाढवून दाखवते, त्यामुळे फक्त तिच्या आकड्यावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

साधा सीटी स्कॅन, म्हणजे इंजेक्शनचा रंग न देता केलेला ‘एनसीसीटी केयूबी’. खड्याची नेमकी जागा, माप आणि घनता यात मिळते. गरोदर स्त्रीचा सीटी शक्यतो करत नाहीत, तिथे सोनोग्राफीवर भागवतात.

पोटाचा एक्स-रे स्वस्त आहे. कॅल्शियमचे खडे त्यात बहुधा दिसतात, युरिक अॅसिडचे दिसत नाहीत. सीटीत आहे आणि एक्स-रेत नाही, हीच युरिक अॅसिडची पहिली खूण.

रक्त आणि लघवी: क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं काम करतंय ते यावरून कळतं), रक्तगणना, साखर, लघवीची साधी तपासणी आणि लघवी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. कल्चरचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी द्यायचा. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि लगेच लॅबमध्ये पोचवा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कल्चर पाठवण्यात काही अर्थ नसतो, तरी ते सर्रास होतं.

३. रिपोर्ट कसा वाचायचा

*जागा.* मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि तीन ठिकाणी अरुंद होते: मूत्रपिंडातून निघते तिथे (पीयूजे), कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे (व्हीयूजे). खडे अडकतात ते बहुतेक इथेच. शेवटचं तोंड सर्वांत अरुंद, पण तिथवर आलेला लहान खडा निघून जाण्याची शक्यताही सर्वांत जास्त. रिपोर्टवर ‘लोअर कॅलिक्स’ असेल तर खडा मूत्रपिंडाच्या तळाच्या कप्प्यात आहे. तिथून तुकडे वर चढून बाहेर पडणं अवघड.

*माप.* ५ मिमीपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे साधारण दोन-तृतीयांश वेळा आपोआप पडतात, ५ ते १० मिमीचे जवळपास निम्म्या वेळा. १० मिमीच्या पुढे आशा धरू नये.

*घनता.* सीटीत ‘एचयू’ असा आकडा असतो. साधारण ५०० च्या आत असेल तर युरिक अॅसिडची शंका घ्यावी. १००० च्या वर गेला की खडा कठीण, आणि बाहेरून धक्के देऊन तो नीट फुटत नाही. रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर रेडिओलॉजिस्टला मागून घ्या.

*हायड्रोनेफ्रोसिस*, म्हणजे वरचं मूत्रपिंड किती फुगलंय. ‘माइल्ड’ वाचून घाबरू नका, पण ‘ग्रॉस’, म्हणजे फार फुगलेलं, असेल तर रेंगाळूही नका.

४. थांबायचं का?

कळ आटोक्यात, ताप नाही, क्रिएटिनिन ठीक, दुसरं मूत्रपिंड चांगलं आणि खडा लहान असेल तर चार ते सहा आठवडे थांबता येतं. खालच्या भागातल्या ५ मिमीहून मोठ्या खड्यासाठी डॉक्टर टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रात्री देतात. त्याने मूत्रवाहिनीचे स्नायू सैलावतात. उठताना चक्कर येऊ शकते. पुरुषांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं. दुसरा परिणाम आधी न सांगितल्यामुळे पुष्कळ जण घाबरून गोळी बंद करतात. गोळी थांबवली की तो जातो.

लघवी चहाच्या गाळणीतून गाळा, त्यासाठी वेगळी गाळणी ठेवा. पडलेला खडा फेकू नका, कोरड्या डबीत ठेवा.

या टप्प्यावरचा सर्वांत महागडा गैरसमज: ‘दुखायचं थांबलं, म्हणजे खडा पडला.’ अडकून बसलेल्या खड्याची कळ काही दिवसांनी शमू शकते, तुंबलेपण मात्र तसंच राहतं. मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं आणि वर्षा-दोन वर्षांनी वेगळ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते उघडकीला येतं. खडा हातात आला नसेल तर मुदत संपताच पुन्हा सोनोग्राफी किंवा सीटी करायलाच हवा.

घरगुती उपायांबद्दल: कुळथाचं पिठलं चवीला उत्तम, खुशाल खा. १२ मिमीचा खडा त्याने विरघळत नाही. पानफुटीचा रस घेऊन खडा पडल्याच्या गोष्टी खोट्याच असतात असं नाही. ४ मिमीचा खडा रस न घेताही बहुधा पडलाच असता. बिअरने लघवी वाढते, नंतर शरीरातलं पाणी कमी होतं आणि युरिक अॅसिड वाढतं, म्हणजे पुढच्या खड्याची सोय.

५. कोणता उपचार कोणासाठी

विरघळवणे. औषधाने खरोखर विरघळणारा नेहमीचा खडा एकच, युरिक अॅसिडचा. पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवतात आणि घरीच पट्टीने मोजतात. याला आठवडे ते महिने लागतात. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, म्हणजे आपल्याकडचा सर्वांत सामान्य, यात विरघळत नाही.

बाहेरून धक्के: ईएसडब्ल्यूएल, लिथोट्रिप्सी. लोक ‘किरणांनी फोडतात’ म्हणतात, पण खडा फोडतात त्या किरण नव्हेत, ध्वनीसारख्या दाबाच्या लहरी. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर हे झालं. चीर नाही, दुर्बीण नाही. एका बैठकीत साधारण २००० ते ३००० धक्के, मिनिटाला ६० ते ९०. मूत्रपिंडातल्या २० मिमीपर्यंतच्या, फार कठीण नसलेल्या खड्याला योग्य. तळच्या कप्प्यातला खडा, १००० च्या वरचा एचयू किंवा जाड शरीर, म्हणजे त्वचेपासून खडा १० सेंटिमीटरहून दूर, असं असेल तर निकाल खालावतो. गरोदरपणात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, संसर्ग असताना किंवा खड्याच्या खाली मूत्रमार्ग अरुंद असेल तर हा उपचार करत नाहीत.

यातली मेख अशी की मशीन खडा फोडतं, तुकडे तुम्हालाच पाडावे लागतात. ते मूत्रवाहिनीत एकामागे एक रांगेने अडकू शकतात. दोन-तीन बैठका लागू शकतात. ‘बिनचिरफाड’ या शब्दावर भुलून २५ मिमीच्या कठीण खड्याला धक्के घेत राहिलात तर वेळ, पैसा गेल्यावर शेवटी ऑपरेशन होतंच. आणि ठरलेल्या दिवशी धक्क्यांपूर्वी खडा अजून तिथेच आहे का, हे एक्स-रे किंवा सोनोग्राफीने पाहिलं पाहिजे.

लघवीच्या वाटेने दुर्बीण: यूआरएस. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी. अंगावर चीर नसते, पण भूल लागते, बहुधा पाठीतून. होल्मियम किंवा थुलियम फायबर लेझरने खडा फोडून तुकडे काढतात. दोन गोष्टी बिघडू शकतात आणि त्या आधी माहीत असाव्यात. वरच्या भागातला खडा पाण्याच्या झोताने मूत्रपिंडात मागे सरकतो. तिथे सरळ दुर्बीण पोचत नाही, वाकणारी लागते. म्हणून ‘खडा वर गेला तर लवचिक दुर्बीण याच रुग्णालयात आहे का?’ हे तारीख घेतानाच विचारा. दुसरं, मूत्रवाहिनी इतकी अरुंद असते की दुर्बीण शिरतच नाही. जोर केला तर नळी फाटते. शहाणा सर्जन तिथे थांबतो, स्टेंट टाकतो आणि साधारण दोन आठवड्यांनी, नळी सैलावल्यावर, पुन्हा जातो. यात फसवणूक नाही. पण दुसऱ्या वेळचा खर्च कसा धरणार, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी ठरवून घ्या.

वाकणारी दुर्बीण: आरआयआरएस. मूत्रपिंडातल्या २० मिमीपर्यंतच्या खड्यासाठी, तळच्या कप्प्यातल्याही. लेझरने खड्याची भुकटी करतात आणि ती पुढचे काही दिवस लघवीतून जाते. ‘सगळं साफ’ म्हणजे पडद्यावर दिसेनासं झालं. बारीक कण उरलेत का, ते नंतरच्या तपासणीत कळतं. दुर्बीण नाजूक आणि महाग, म्हणून बिलही मोठं.

पाठीतून: पीसीएनएल. २० मिमीच्या वरचा किंवा फांद्या फुटलेला खडा. पाठीतून मूत्रपिंडापर्यंत वाट करून खडा फोडून काढतात. नेहमीच्या पद्धतीत ही वाट २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे ८ ते १० मिमी रुंद (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी). ‘मिनी’ पद्धतीत साधारण १४ ते २० फ्रेंच. रक्तस्राव आणि संसर्ग हे मुख्य धोके, म्हणून रक्तगट आणि रक्ताची सोय आधी पाहतात. काही दिवस रुग्णालयात राहावं लागतं. ऐकायला भीतीदायक, पण मोठा खडा एका वेळी साफ करायला हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. ३० मिमीच्या खड्याला ‘पाठीला भोक नको’ म्हणून तीनदा आरआयआरएस करून घेण्यात शहाणपण नाही.

६. तारीख ठरल्यावर

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा. हृदयात स्टेंट असेल तर त्या स्वतःहून मुळीच बंद करू नका. किती दिवस आधी थांबवायच्या, की थांबवायच्याच नाहीत, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील. कल्चरमध्ये जंतू निघाले तर औषधांचा कोर्स आधी, ऑपरेशन नंतर. भुलेआधी सहा तास घन अन्न नाही, चहाही दुधाचा असल्याने अन्नातच धरायचा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, भूलतज्ज्ञ म्हणतील तसं.

सोबत न्यायचं:

- सीटीची फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नव्हे
- सगळ्या तपासण्या आणि जुनी केसपेपरं
- चालू औषधं, पाकिटांसकट
- आधार, रेशनकार्ड. विमा असल्यास कार्ड आणि पॅन

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लघवीच्या मार्गाच्या शस्त्रक्रिया येतात. मात्र तुमची नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. ही योजना रोकडरहित आहे: आधी पैसे भरून नंतर परतावा मागता येत नाही. पूर्वमंजुरी रुग्णालयाने घ्यायची असते. खासगी मेडिक्लेममध्ये मुतखडा बहुधा ‘ठरावीक आजारां’च्या यादीत असतो आणि पॉलिसी घेतल्यापासून साधारण दोन वर्षं त्याचा दावा मिळत नाही. पॉलिसीचं ते पान आधी उघडून बघा.

खर्च विचारताना ‘ऑपरेशनचं पॅकेज किती?’ एवढंच विचारू नका. लेझर, स्टेंट, भूल आणि नंतर स्टेंट काढणं, हे सगळं त्यात धरलंय का?

७. स्टेंट

दुर्बिणीनंतर बऱ्याचदा आत डीजे स्टेंट ठेवतात: साधारण दोन मिमी जाडीची, २४ ते २६ सेंटिमीटरची मऊ नळी, दोन्ही टोकांना वेटोळं. वरचं वेटोळं मूत्रपिंडात, खालचं मूत्राशयात. सूज आली तरी लघवी वाहत राहावी म्हणून. गुंतागुंत नसलेल्या यूआरएसनंतर तो लागतोच असं नाही.

खालचं वेटोळं मूत्राशयाला टोचतं, म्हणून सतत लघवीला लागल्यासारखं वाटतं. नळी पोकळ असल्याने लघवी करताना दाबाने थोडी लघवी उलटी वर जाते आणि कमरेत कळ येते. चाललं, दुचाकीवर बसलं, वजन उचललं की लघवी गुलाबी होते. पाणी पिऊन आराम केला की निवळते. हे सगळं अपेक्षित आहे. थंडीताप, रक्ताच्या गाठी किंवा लघवी अडणं अपेक्षित नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टेंट आपोआप पडत नाही आणि विरघळत नाही. तो साधारण एक ते चार आठवड्यांत काढतात. तीन महिन्यांच्या पुढे गेला की त्याच्यावर क्षार चढू लागतात. काही जण त्रास थांबला म्हणून परत जात नाहीत, काहींना आत नळी आहे हेच माहीत नसतं. वर्षभराने तो दगडासारखा होतो, ओढताना तुटतो, आणि ज्या खड्यासाठी एक ऑपरेशन झालं त्याच्या नळीसाठी दोन-तीन करावी लागतात. म्हणून:

- डिस्चार्ज कार्डावर ‘डीजे स्टेंट, उजवा किंवा डावा, टाकल्याची तारीख, काढायची तारीख’ लिहून घ्या. छापील कार्डावर नसेल तर हाताने लिहायला लावा.
- ती तारीख मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये टाका.
- ऊसतोड, वीटभट्टी, बदलीची नोकरी यासाठी गाव सोडणार असाल तर आधी सांगा. स्टेंट दुसरीकडचा यूरोलॉजिस्टही काढू शकतो, फक्त कार्ड सोबत हवं.

काढायला बहुतेकदा पाच-दहा मिनिटं लागतात: सुन्न करणारी जेली, मूत्राशयात दुर्बीण, चिमट्याने ओढून बाहेर. एखाददोन दिवस जळजळ होते.

८. नंतर

खडा किंवा तुकडे लॅबमध्ये पाठवून घटक तपासून घ्या. पुढचा आहार त्यावरून ठरतो, आणि नेमकी हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. खडे पुन्हा पुन्हा होत असतील, एकच मूत्रपिंड असेल किंवा वय कमी असेल तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणीही लागते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत, तीही धरून, सगळी जमा करायची. मध्ये एकदा जरी चुकली तरी आकडे निरुपयोगी. खाणंपिणं नेहमीचंच ठेवा. त्या दिवसापुरते गुणी होऊ नका.

पाणी किती प्यालात यापेक्षा लघवी किती झाली ते मोजा: दिवसाला दोन ते अडीच लिटर. विदर्भात मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला यासाठी चार लिटरही कमी पडतील. शाळेत, बाजारात, एसटीच्या प्रवासात धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बायकांना हा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. निदान घरी पोचल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी ती तूट भरा.

मीठ कमी, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, फरसाण, खारवलेली सुकी मासळी यांत ते लपलेलं असतं. जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दूध-दही मात्र सोडू नका. ‘कॅल्शियमचा खडा म्हणून कॅल्शियम बंद’ हे चुकीचं आहे: अन्नातलं कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. आपल्या घरातली ताकातली पालकभाजी या हिशेबाने नुसत्या पालकापेक्षा बरी. तरी ऑक्झलेटचे खडे होणाऱ्यांनी पालक, चुका, अळू बेतानेच खावं. टोमॅटोच्या बियांची बदनामी उगाचच झाली आहे. लिंबूपाणी चांगलं, मीठ न घालता. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या ऑक्झलेट वाढवतात, त्या बंद करा.

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत तो पुन्हा होतो. स्टेंट काढल्यावर एक ते तीन महिन्यांनी एक सोनोग्राफी, मूत्रपिंडाची फूग उतरली का ते पाहायला. त्यानंतर वर्षातून एकदा. दर वेळी मागचा रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे उरलेला कण वाढतोय की तसाच आहे हे सोनोग्राफी करणाऱ्याला सांगता येईल.